लोहचुंबकाने निकेल ओळखता येते का?

तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करून मांडतो. दुकानदाराने स्टीलच्या डब्यांना लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही, तेव्हा 'हे निकेलवाले, तीनशेचार आहे' असे, म्हणजे ३०४ या प्रतीचे स्टेनलेस स्टील आहे असे सांगून त्याने डबे दिले. पुढे काही महिन्यांतच मिठाच्या आणि लोणच्याच्या डब्यांच्या तळाशी तपकिरी ठिपके दिसू लागले. मुलीसाठी 'निकेल फ्री' म्हणून आणलेल्या कानातल्यांनी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात आणि चिघळतात. आजोबांच्या पेटीतले जुने रुपये शुद्ध निकेलचे आहेत असे कोणीतरी सांगितले आहे, त्याची खात्री कशी करावी हे तुम्हाला हवे आहे. आणि ज्या धातूने कान चिघळतो त्याच धातूच्या भांड्यात रोजची आमटी शिजवावी का, ही शंका या सगळ्याच्या मुळाशी आहे. माझी नोकरी आधी पिंपरी-चिंचवड परिसरातील प्लेटिंगच्या कारखान्यांत आणि नंतर धातुतपासणीत झाली, त्यामुळे या चारही गोष्टी वेगवेगळ्या रूपांत माझ्या टेबलावर येत राहिल्या आहेत.

थोडक्यात उत्तर असे, की लोहचुंबकाने निकेल ओळखता येत नाही. चुंबकाला कळते ती धातूची अंतर्गत रचना. तिच्यात निकेल किती आहे हे त्याला कळत नाही. 'यात निकेल आहे का' हा प्रश्नही मुळात अपुरा आहे. ते कोणत्या धातूंच्या जोडीने आहे, पृष्ठभागावर उघडे आहे की आत बांधलेले आहे, आणि घाम, मीठ किंवा आंबट पदार्थ लागल्यावर त्यातले किती सुटून बाहेर येते, यावर त्याचा गुण किंवा दोष ठरतो.

शुद्ध निकेल हा अणुक्रमांक २८ चा, रुपेरी पण बारकाईने पाहिल्यास किंचित पिवळसर झाक असलेला धातू आहे. त्याची घनता पाण्याच्या ८.९ पट, म्हणजे जवळपास तांब्याइतकी आहे आणि तो १४५५ अंश सेल्सिअसला वितळतो. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये तो प्रथम वेगळा केला. साध्या हवेत तो गंजत नाही, दाहक सोड्याच्या गरम द्रावणालाही दाद देत नाही, तार किंवा पत्रा करायला तो मऊ आहे. लोखंड आणि कोबाल्ट यांच्याप्रमाणेच तो नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकाकडे स्पष्टपणे ओढला जातो. मात्र ३५५ अंशांच्या आसपास तापवला की हा गुण नाहीसा होतो आणि थंड झाल्यावर परत येतो. म्हणजे शुद्ध निकेलला चुंबक चिकटतो आणि दुकानदार सांगतो की निकेल असेल तर चुंबक चिकटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे समजायला आजोबांची पेटीच सर्वांत सोयीची आहे.

पेटीतून रुपयाची चार नाणी निवडून टेबलावर ठेवावीत आणि एक साधा चुंबक घ्यावा. १९४७ सालच्या, मागच्या बाजूस वाघ असलेल्या रुपयाला चुंबक पटकन चिकटेल, कारण तो शुद्ध निकेलचा आहे. प्रजासत्ताकानंतर आलेले, कणसांचे चित्र असलेले सुरुवातीचे रुपयेही निकेलचेच होते. १९७५ पासून १९९० च्या सुमारापर्यंतचा रुपया घेतला तर चुंबक अजिबात चिकटणार नाही, आणि तरीही त्यात निकेल आहे, कारण तो ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचा आहे. १९९२ नंतरच्या स्टीलच्या रुपयाला चुंबक चांगला चिकटेल आणि त्यात निकेल नाहीच. तो सुमारे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम यांचा आहे. चौथे नाणे १९४० ते १९४५ मधले असेल तर ते पन्नास टक्के चांदीचे असून उरलेल्यात ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त आहे. त्यालाही चुंबक चिकटणार नाही. तेव्हा तुमच्या घरातील रुपये १९४७ ते १९७४ या काळातले असतील आणि त्यांना चुंबक चिकटत असेल, तर ते निकेलचे आहेत असे समजायला हरकत नाही. येथे चुंबक उपयोगी पडतो तो नाण्याचे साल आणि टांकसाळीने वापरलेला धातू आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे. डब्याच्या बाबतीत असे काहीच माहीत नसते.

तांब्यात मिसळल्यावर निकेलचा चुंबकीय गुण का जातो, याचे कारण अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. तांब्याचे प्रमाण वाढते तसे चुंबकत्व नाहीसे होण्याचे तापमान खाली येत जाते. दोन तृतीयांश निकेल असलेला मोनेल हा मिश्रधातू तर साधारण खोलीच्याच तापमानाला काठावर असतो, त्यामुळे त्याचा एखादा तुकडा चुंबकाला हलके धरतो आणि दुसरा सोडून देतो. अमेरिकेत ज्याला नुसते 'निकेल' म्हणतात ते पाच सेंटचे नाणेही ७५ टक्के तांब्याचेच आहे आणि त्याला चुंबक चिकटत नाही.

आता डब्यांकडे येऊ. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते प्रामुख्याने क्रोमियममुळे. साधारण साडेदहा टक्क्यांपेक्षा जास्त क्रोमियम असले की पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर तयार होतो, आणि ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा भरून येतो. निकेलचे काम वेगळे आहे. लोखंडाची तप्त अवस्थेतली जी अणुरचना असते, जिला ऑस्टेनाइट म्हणतात, ती थंड झाल्यावरही टिकवून धरण्याचे काम निकेल करते. ही रचना चुंबकाला प्रतिसाद देत नाही. ती लवचीक असते, पत्रा प्रेसखाली खोल ओढला तरी फाटत नाही, वेल्डिंग नीट होते आणि अतिथंड तापमानातही ती काचेसारखी तडकत नाही. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना साठवावा लागतो. त्या टाक्यांच्या आतल्या भिंतींसाठी नऊ टक्के निकेल असलेले पोलाद वापरतात, तेही थंडीतल्या याच चिवटपणासाठी. ते पोलाद स्टेनलेस नव्हे आणि चुंबकाला चिकटते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि आठ ते साडेदहा टक्के निकेल असते. भांड्यावर १८/८ किंवा १८/१० असे आकडे दिसतात ते हेच. मात्र ऑस्टेनाइट टिकवण्याचे काम एकट्या निकेललाच जमते असे नाही. मँगनीज, नायट्रोजन आणि काही प्रमाणात तांबे यांच्या मदतीनेही ते होते, आणि हे सर्व निकेलपेक्षा स्वस्त आहेत. २०० मालिकेतील स्टील असेच तयार होते. २०२ मध्ये निकेल चार ते सहा टक्के असते, आणि आपल्या भांड्यांच्या बाजारात जे-फोर म्हणून चालणाऱ्या पत्र्यात तर जेमतेम एक टक्क्याच्या आसपास. त्यात मँगनीज आठ-दहा टक्के असते, पण क्रोमियम १५-१६ टक्क्यांवर आलेले असते, कारण निकेल कमी करून क्रोमियम तेवढेच ठेवले तर रचना बिघडते. अशा पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. तुमच्या दुकानदाराची परीक्षा जे-फोरचा डबासुद्धा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो.

दुकानदार खोटे बोलला असेलच असे मी म्हणणार नाही, कारण बाजारात हा समज इतका पक्का आहे की घाऊक व्यापारीही तोच सांगतात. त्याला मूळ आधारही होता. एके काळी बाजारात मुख्यत्वे दोनच प्रकार असत, एक ३०४ आणि दुसरा चुंबकाला चिकटणारा, निकेल नसलेला ४३० सारखा पत्रा; त्या दोहोंत फरक करायला चुंबक पुरत असे. निकेल महाग होत गेले, त्याच्या भावातले चढउतारही मोठे झाले आणि मँगनीजचा पत्रा स्वयंपाकघरात आला. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव काही वेळ टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला, व्यवहार थांबवावे लागले आणि त्या दिवशीचे सौदे रद्द करण्यात आले. जगात काढल्या जाणाऱ्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक आज एकट्या इंडोनेशियातून येते. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींबरोबर निकेलयुक्त माती निघते, पण आपली गरज मुख्यत्वे आयातीवरच भागते. गोव्यात कुंकळ्ळी येथे निकेल आणि कोबाल्ट तयार करणारा निकोमेट हा कारखाना आहे. तो डिसेंबर २०२१ मध्ये वेदांत कंपनीने घेतला. अशा स्थितीत भांड्यातले निकेल शक्य तितके कमी करण्याकडे उत्पादकाचा कल असणे स्वाभाविक आहे, आणि त्यात गैर काहीच नाही. एक टक्का निकेलचे भांडे आठ टक्क्यांचे म्हणून विकणे, हे मात्र गैर आहे.

चुंबकाची फसगत उलट्या दिशेनेही होते. अस्सल ३०४ चा पत्रा प्रेसमध्ये खोल ओढला, की जिथे ताण जास्त बसतो तिथे ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट या चुंबकीय रचनेत बदलतो. घरातील एखाद्या जुन्या चांगल्या वाटीच्या तळाला चुंबक लावून पाहा आणि मग तोच हळूहळू वर वळलेल्या काठाकडे न्या. तळाशी काहीच जाणवणार नाही आणि कोपऱ्यावर किंवा काठावर हलकीशी ओढ लागेल. वाटी एकच, पत्रा एकच, निकेलही तितकेच. इंडक्शनवर चालणाऱ्या कढईचा तळ तर मुद्दाम ४३० चा, म्हणजे चुंबकीय आणि निकेल नसलेला लावतात, कारण चुंबकीय तळाशिवाय ती शेगडी नीट काम करत नाही. त्या तळाला चुंबक चिकटला म्हणून कढई हलकी ठरत नाही.

खरी परीक्षा करायची असेल तर मार्ग आहेत. भंगाराच्या बाजारात एक द्रावण मिळते. त्याचा थेंब पत्र्यावर टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीचा स्पर्श दिला, की मँगनीज जास्त असलेल्या पत्र्यावर थेंब लालसर होतो आणि ३०४ वर तसा होत नाही. ही परीक्षा कामचलाऊ आहे, पण चुंबकापेक्षा कितीतरी बरी. निश्चित आकडे हवे असल्यास हातात धरायची एक्स-रे गन लागते. ती पत्र्यावर टेकवली की काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज यांचे टक्के पडद्यावर येतात. मोठे भंगारवाले आणि धातुतपासणीच्या प्रयोगशाळा ती वापरतात. घरगुती खरेदीत निदान एवढे करावे, की बिलावर '३०४' असे लिहून मागावे. तोंडी ठामपणे सांगणारे पुष्कळ विक्रेते लिहून द्यायची वेळ आली की आकडा बदलतात. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, तेही पाहावे.

तुमच्या डब्यांवरच्या ठिपक्यांची जात मला वर्णनावरून खड्डे पाडणाऱ्या गंजाची वाटते. मिठातील क्लोराइड क्रोमियमच्या त्या अदृश्य थराला एखाद्या बिंदूपाशी भेदते आणि एकदा भोक पडले की गंज आडवा न पसरता खाली उतरतो. कमी क्रोमियमच्या पत्र्यावर हे लवकर होते, पण ओले मीठ महिनोन् महिने तळाशी बसून राहिले तर ३०४ वरही होते. रत्नागिरी किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरील इमारतींत ३०४ चे कठडे तपकिरी पडलेले दिसतात ते याच कारणाने. तिथे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ वापरावे लागते. तुमचे डबे फेकून देण्याची गरज नाही. तांदूळ, डाळी, रवा, साखर यांना ते उत्तम आहेत. मीठ आणि लोणचे मात्र चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत ठेवावे, आणि भाजी-आमटीत मीठ पाणी उकळू लागल्यावर घालून ढवळावे, म्हणजे ते थंड तळाशी साचून राहत नाही.

'निकेल जास्त म्हणजे माल चांगला' या समजुतीलाही मर्यादा आहे, आणि ती सौर बंबांच्या टाक्यांवर चांगली दिसते. क्लोराइड असलेले गरम पाणी आणि पत्र्यातला ताण एकत्र आले, की साधारण साठ अंशांच्या पुढे ३०४ ला केसासारख्या बारीक चिरा पडू लागतात. जुन्या प्रयोगांत क्लोराइडच्या उकळत्या द्रावणात वेगवेगळ्या प्रमाणात निकेल असलेल्या तारा ताणून ठेवल्या, तेव्हा सर्वांत लवकर तुटल्या त्या आठ टक्क्यांच्या आसपास निकेल असलेल्या तारा, म्हणजे नेमक्या ३०४ च्या जातीच्या. निकेल फारच कमी किंवा चाळीस टक्क्यांच्या पुढे असले तर तारा टिकत. बोअरच्या खारट पाण्यावर चालणाऱ्या बंबाची ३०४ ची टाकी वेल्डिंगच्या सांध्याजवळ पाझरू लागली, तर त्यामागे बहुधा हेच असते. त्यासाठी ४४४ नावाचे, निकेल जवळपास नसलेले आणि चुंबकाला चिकटणारे स्टील अधिक टिकाऊ ठरते. ग्राहक मात्र त्याला चुंबक लावून पाहतो आणि नको म्हणतो.

कानातल्यांचा प्रश्न समजण्यासाठी निकेलचा मुलामा कसा असतो ते पाहावे लागेल, आणि हा माझ्या धंद्याचा भाग असल्याने थोडे सविस्तर सांगतो. निकेल प्लेटिंगच्या टाकीतले द्रावण पाचूसारखे हिरवे असते. आजही बहुतेक ठिकाणी ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये सांगितलेलेच सूत्र थोड्याफार फरकाने चालते. एका लिटरमध्ये अडीचशे ते तीनशे ग्रॅम निकेल सल्फेट, त्याहून बरेच कमी निकेल क्लोराइड आणि तीस-चाळीस ग्रॅम बोरिक आम्ल असते, आणि तापमान पन्नास अंशांच्या जवळपास ठेवतात. एक अँपिअर विजेचा प्रवाह तासभर दिला तर सुमारे १.१ ग्रॅम निकेल जमा होते. एका चौरस डेसिमीटरला चार अँपिअर दिले तर वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. लखलखीतपणा आपोआप येत नाही. त्यासाठी द्रावणात चकाकी आणणारी सेंद्रिय द्रव्ये घालतात, आणि त्यांतले एक चक्क सॅकरिन असते. ते थरातला ताण कमी करते, नाहीतर निकेल खवल्यांसारखे सुटून येते. टाकीची तब्येत पाहण्यासाठी हल सेल नावाच्या तिरक्या भिंतीच्या लहान भांड्यात तेच द्रावण घेऊन पितळी पट्टीवर पाच-दहा मिनिटे निकेल चढवतात. पट्टीचे एक टोक विजेच्या धन टोकाला जवळ आणि दुसरे दूर असते, त्यामुळे जवळच्या टोकाला जळका काठ, मधे आरसा आणि दूरच्या टोकाला धुरकट पट्टा असे सगळे दोष एकाच पट्टीवर वाचता येतात. अनुभवी कारागीर ती पट्टी उजेडात तिरपी धरून काय कमी पडले आहे ते सांगतो.

ज्याला आपण 'क्रोम' म्हणतो, तो नळ किंवा मोटारसायकलचा चकचकीत सायलेन्सर, त्याची चमक मुख्यतः या निकेलचीच असते. वरचा क्रोमियमचा थर मायक्रॉनच्या अंशाइतकाच असतो. तो निकेलला पिवळे पडू देत नाही आणि ओरखड्यांपासून राखतो. चांगल्या कामात खाली दोन प्रकारचे निकेल चढवतात, आधी गंधकरहित निमचकाकीचे आणि त्यावर गंधकाचा अंश असलेले चकचकीत. पाणी वरच्या थरात शिरले तरी गंज खाली न उतरता वरच्याच थरात आडवा पसरतो आणि आतले लोखंड वाचते. बाथरूमच्या फरशीसाठी असलेले हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रव नळावर ओतणाऱ्यांना हे माहीत नसते. त्या आम्लात क्रोमियम भराभर विरघळते, आणि मग नळ पिवळसर झाला म्हणून तक्रार येते. तो पिवळसरपणा म्हणजे उघडे पडलेले निकेल.

स्वस्त दागिन्यांत निकेल येते ते याच वाटेने. पितळ किंवा तांब्यावर थेट सोन्याचा मुलामा दिला तर काही काळाने तांबे सोन्यात झिरपते आणि दागिना काळवंडतो, म्हणून अनेकदा मध्ये निकेलचा थर देतात. एक ग्रॅम सोन्याचे म्हणून मिळणारे दागिने, खोट्या ठुशा, झुमके यांच्या सोनेरी कातडीखाली बहुतेक वेळा तोच असतो. वरचे सोने इतके पातळ असते की त्याला सूक्ष्म छिद्रे असतातच. घामातील मीठ त्यांतून खाली जाते, निकेल विरघळते आणि त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, त्वचेत शिरतात. शरीराने एकदा त्यांना परके म्हणून ओळखले की ती ओळख बहुधा आयुष्यभर राहते. नंतर प्रत्येक संपर्काला एक-दोन दिवसांनी तिथेच लाली, खाज आणि बारीक पाण्याचे फोड येतात. त्वचेच्या संपर्कातून होणाऱ्या ॲलर्जींमध्ये निकेलची ॲलर्जी जगात सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे आणि स्त्रियांत ती अधिक दिसते, याचे मोठे कारण कान टोचणे हेच आहे. बेंबीच्या खाली जीन्सच्या बटणापाशी किंवा मनगटावर घड्याळाच्या बकलाखाली येणारे चट्टेही याच जातीचे असू शकतात.

'निकेल फ्री' या चिठ्ठीवर विसंबू नये. दर्शनी भागात खरोखरच निकेल नसेल, पण भोकातून जाणारी काडी आणि मागची फिरकी वेगळ्या धातूच्या असतात, आणि त्वचेला सर्वाधिक लागतात त्या याच दोन गोष्टी. युरोपात १९९४ च्या नियमापासून दागिन्यात निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटते किती यावर मर्यादा आहे. त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकातल्या काडीसाठी ही मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम आहे. नियमाची ही मांडणी मला फार योग्य वाटते. ३१६ प्रतीच्या स्टीलमध्ये दहा टक्क्यांहून अधिक निकेल असूनही ते या कसोटीला सहसा उतरते, कारण क्रोमियमचा थर ते धरून ठेवतो. आणि काही मायक्रॉनचा उघडा निकेल मुलामा तिथे सपशेल नापास होतो.

घरी करता येईल अशी परीक्षाही आहे. डायमिथिलग्लायॉक्झाइमचे अल्कोहोलमधील द्रावण आणि सौम्य अमोनिया यांचे थेंब कापसाच्या काडीवर घेऊन ती कानातल्याच्या काडीवर अर्धा मिनिट घासायची. निकेल सुटत असेल तर पांढरा कापूस स्पष्ट गुलाबी होतो. दागिन्याला इजा होत नाही. या परीक्षेचे तयार संचही मिळतात. काडी, फिरकी आणि दर्शनी भाग यांवर वेगवेगळे कापूस वापरावेत, म्हणजे दोषी भाग कोणता ते कळते. कापूस गुलाबी झाला तर निकाल पक्का. झाला नाही तर मात्र निर्धास्त होऊ नये, कारण ०.२ इतकी बारीक मर्यादा या कापसाला नेहमी पकडता येत नाही. मुलीला ॲलर्जी निकेलचीच आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने ठरवतात. पाठीवर निकेल सल्फेटची पट्टी दोन दिवस ठेवून ती काढल्यावर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा पाहतात. ती चाचणी करून घ्यावीच, कारण चिघळण्याचे कारण जंतुसंसर्ग किंवा दुसरा एखादा पदार्थही असू शकतो. तोपर्यंत टायटॅनियमच्या काड्या वापराव्यात, किंवा घरातली हॉलमार्क असलेली २२ कॅरेटची कुडी चालेल. त्या सोन्यात मिसळलेला धातू बहुधा तांबे आणि चांदी असतो. पांढऱ्या सोन्याच्या बाबतीत मात्र सराफाला विचारूनच घ्यावे, कारण सोने पांढरे करण्यासाठी काही ठिकाणी निकेल वापरतात. कानातल्याला नेलपॉलिश लावण्याचा घरगुती उपाय थोडे दिवस चालतो आणि मग पापुद्रा सुटतो.

आता आमटीचा प्रश्न. धड स्टेनलेस भांड्यातून अन्नात निकेल उतरते, पण ते अत्यल्प असते. चिंच, कोकम, टोमॅटो घालून पदार्थ तासन् तास उकळला तर प्रमाण थोडे वाढते, आणि नव्या भांड्यात पहिल्या काही वेळा ते जास्त असते, पुढे कमी होत जाते. म्हणून नवे भांडे आणल्यावर त्यात पाणी आणि थोडे व्हिनेगर उकळून ते फेकून द्यावे. शिवाय आपल्या आहारातले बहुतेक निकेल भांड्यातून नव्हे तर अन्नातूनच येते. डाळी, शेंगदाणे, तीळ, ओट्स, कोको यांत ते निसर्गतः असते. वनस्पतींना ते सूक्ष्म प्रमाणात लागते, कारण युरिया फोडणाऱ्या त्यांच्या विकरात (एन्झाइममध्ये) निकेलचा अणू असतो. निरोगी माणसाला याने काही होत नाही. कानाला ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य व्यक्तींनाही स्टीलच्या भांड्यातले जेवण चालते, कारण त्वचेत आयन शिरणे आणि पोटात अत्यल्प निकेल जाणे या निराळ्या गोष्टी आहेत. फारच तीव्र ॲलर्जी असलेल्या, हातांवर सतत इसब उठणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर कमी निकेलचा आहार सांगतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडावा.

खरी काळजी घ्यायची ती उघड्या निकेलच्या भांड्यांची. पितळी पातेल्यांना कल्हई करून मागितली असता निकेल मारून देणारे लोक आहेत. कल्हई कथिलाची असते, मळकट पांढरी, पुसल्याच्या खुणा दिसणारी. निकेल आरशासारखे एकसारखे चमकते आणि 'पक्की, कधी न जाणारी कल्हई' म्हणून गळ्यात मारले जाते. अशा पातेल्यात ताक, सोलकढी किंवा चिंचेचे सार ठेवू नये, कारण तिथे क्रोमियमचे कवच नाही आणि आंबट पदार्थ थेट निकेलला भिडतो. हीच गोष्ट जर्मन सिल्व्हरच्या वाट्यांची. त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि दहा-वीस टक्के निकेल असते. आपल्या घरांत ज्या ॲल्युमिनिअमच्या भांड्यांना नुसते 'जर्मन' म्हणतात त्यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. निरांजन, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी म्हणून जर्मन सिल्व्हर सुंदर दिसते. पंचामृत मात्र त्यात कालवू नये. दही-मध घातलेले मिश्रण तासभर राहिले तरी वाटीच्या कडेला हिरवट छटा येऊ शकते, आणि ती तांबे व निकेल या दोहोंच्या क्षारांची असते.